बावीस यार्डांची चोरी

१

निवृत्तीने शेवटचा टाका उसवला, गोणपाटाचं तोंड उघडलं आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो तुरीच्या तुराट्या घेऊन.

“हे काय बाप्पा!” एवढंच बोलून तो मटकन खाली बसला.

शालिग्राम मास्तर मैदानाकडेच्या सामानाच्या खोलीच्या दारातच उभे होते. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण अंपायरचा पांढरा कोट काही सुटत नव्हता. सामन्याच्या दिवशी मॅट अंथरताना हजर राहायचं हा त्यांचा नेम. त्यांनी पुढे होऊन गोणपाट पूर्ण फाडलं. आत तुराट्या, जुनी पोती आणि वर सुतळी. मॅटचा काथ्यासुद्धा नाही.

मॅट म्हणजे काय साधीसुधी चीज होती होय! चौसष्ट सालच्या त्या जानेवारीत पूर्णाकाठ लीगमध्ये सहा क्लब खेळत होते आणि सहा क्लबांत मिळून काथ्याची मॅट एकच. बावीस यार्ड लांब, चांगली जाडजूड. ती गोणपाटात शिवून, बैलगाडीवर घालून ज्या गावी सामना त्या गावी जायची. नवरीची पाठवणी करावी इतक्या काळजीने तिला पोचवत. आज मलकापूरच्या मैदानावर लीगचा शेवटचा सामना होता, मलकापूर विरुद्ध देऊळघाट, आणि नवरीच गायब होती.

“कुलूप?” मास्तरांनी विचारलं.

“जशाच्या तसं हाय मास्तर. चाबी माह्या करदोड्याले. देवाशपथ मी नाही काही केलं.” निवृत्ती मैदानाचा राखणदार, साधा माणूस.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे मात्र दुसराच चेहरा आला. देऊळघाटचा दयाराम. दुसऱ्याच्या शेतात राबणारा बावीस वर्षांचा पोरगा, पण मॅटवर चेंडू टाकायला लागला की भल्याभल्यांची दांडी गुल. त्याचा चेंडू काथ्याला चावा घेऊन वळायचा. मॅट नसेल तर उघड्या मुरुमावर खेळायचं असा लीगचा नियम, आणि मुरुमावर दयारामचा चेंडू नुसता धूळ उडवत सरळ जायचा. आज साडेदहाच्या पॅसेंजरने भुसावळहून रेल्वेच्या संघाचे साहेब येणार होते, खास दयारामला बघायला. पसंत पडला तर नोकरी. साहेब पुन्हा काही या आडगावच्या लीगला येणार नव्हते.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. सात वाजून दहा मिनिटं. सामना अकराला.

२

बातमी पसरायला काय वेळ लागतो? पाऊण तासात अर्धं मलकापूर मैदानावर. सगळ्यांच्या पुढे मोतीरामशेठ. मलकापूरचे कॅप्टन, सरकीचे व्यापारी, आणि दयारामच्या हातून लागोपाठ तीन सामन्यांत शून्यावर आउट झालेले गृहस्थ.

“चला मास्तर, मांडवात बसून बोलू,” ते म्हणाले. पाहुण्यांसाठी त्यांनी कडुनिंबाखाली लांबलचक मांडव घातला होता, जाजम अंथरलं होतं, वर खुर्च्या. “पाहा, यंदा मांडवात धुळीचा कन नाही. मागच्या वर्षी पाहुण्याईच्या नाकातोंडात माती गेली होती. मांडववाले यंदा चांगले भेटले. रातीच नांदुऱ्याले लग्नावर गेले, सांजच्याले येतीन मांडव सोडाले.”

“मांडवाचं राहू द्या. मॅटचं काय?”

“काय म्हंजे? नियम हाय ना. मुरुमावर खेळू. आपली काही हरकत नाही.” शेठचा चेहरा गंभीर होता, पण मिशीखाली कुठेतरी उजेड पडला होता. मास्तरांना तो दिसला आणि त्यांचं डोकंच सणकलं.

“तुमची हरकत नसणारच!”

“मास्तर, उगाच माह्याकडे नका पाहू. म्याट मागच्या सामन्यावरून, वडनेर भोलजीहून, कोनाच्या गाडीत आली? पुंजाजीच्या. मधात काय झालं ते त्यालेच इचारा. नाही तं दहा वाजता मी फौजदाराले बलावतो. लीगचा मी अध्यक्ष हाय, जबाबदारी माह्यावर येते.”

पुंजाजी म्हणजे दयारामचा मामा. बाप लहानपणीच गेलेल्या पोराला त्याने वाढवलं, सहावीपर्यंत शिकवलं. साहेब गाडीतून उतरणार आणि मामा बेड्या घालून चालला आहे हे बघणार! रेल्वे असल्या घरच्या पोराला घेणार होती होय!

“दहापर्यंत थांबा,” मास्तर उठत म्हणाले. “तोवर कोनी आउट नाही.”

३

पुंजाजी बैलांपाशी उभा होता. डोक्याचं पागोटं काढून हातात धरलेलं.

“पुंजाजीभाऊ, काल काय झालं ते मले सांगा. पहिल्यापासून.”

“काय सांगू मास्तर? बारा वाजता आलो. निंबाखाली गाडी सोडली. म्याट उतरवली, खोलीत ठेवली, झालं.”

“तुम्ही सोता ठेवली? डोळ्यांदेखत?”

“हाव.” पण तो ‘हाव’ म्हणताना बैलाकडे बघत होता.

मास्तरांनी चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली होती. खरं बोलणारा माणूस बैलाकडे बघून बोलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी ताणलं नाही. ते निवृत्तीकडे आले.

“खोलीत गठ्ठा कोनी आनला बे?”

“मांडवाचे दोन गडी होते. तीनच्या सुमाराले. मी कुलूप काढलं, त्याईनं आत नेऊन टाकला.”

“पुंजाजी होता?”

“नव्हता.”

“दोघांनीच उचलला?”

“हाव. मले वाटलं, उन्हानं वाळून हलकी झाली असन.”

मास्तर तसेच मैदानाच्या फाटकाशी सोजराबाईच्या चहाच्या टपरीवर गेले. सोजराबाईंची नजर फाटकातून आत-बाहेर होणाऱ्या कुत्र्यावरसुद्धा असायची.

“ताई, काल दुपारी गाडीवरून म्याट उतरवली तवा किती मानसं होती?”

“चार हमाल होते ना. चौघाईचा चहा माह्याकडेच झाला. लय धापा टाकत होते बिचारे. पुंजाजीनं नाही पेला, घाई होती म्हने.”

“कायची घाई?”

सोजराबाई हसल्या. “फुलवाल्याकडे गेला तो, टेसनाकडे. साहेबाले हार घालाचा हाय म्हने. भाच्याले नोकरी देनारा साहेब! जाताना कोनाले तरी सांगून गेला, येवढं पाहून घे म्हनून. कोनाले ते नाही दिसलं मले, मांडवाचं कापड आडवं होतं.”

मास्तर पुन्हा बैलांपाशी आले. यावेळी नुसतं म्हणाले, “हार भेटला का?”

पुंजाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मास्तर, चूक झाली माही. म्याट सोडून जायाचं नव्हतं. पन ज्याले सांगून गेलो तो आपलाच मानूस हाय. त्याचं नाव घेऊ कसं? पोराच्या जन्माचं भलं केलं त्यानं. त्याच्यावर आळ आनाच्या आधी मले फौजदाराकडे न्या.”

आणि तो बैलांना कडबा टाकायला वळला. पुंजाजीच्या भाच्याचं भलं करणारा माणूस अख्ख्या लीगमध्ये एकच होता.

४

नऊ वाजले. देऊळघाटचा संघ धर्मशाळेतून आला होता आणि आल्या आल्या सगळं ऐकून सुन्न बसला होता. दयाराम एका कडेला, हातातला चेंडू नुसता फिरवत होता. कॅप्टन उकंडराव त्याच्याजवळ बसून समजूत घालत होते.

उकंडराव म्हणजे देऊळघाटचा कणा. भाजीपाला पिकवणारा शेतकरी, संघाचा विकेटकीपर. दयारामला शेताच्या बांधावर ढेकळं फेकताना त्यांनीच हेरलं होतं आणि तीन हंगाम शेणाने सारवलेल्या खळ्यात पोतं अंथरून शिकवलं होतं. अतिशय तयारीचा माणूस. आदल्या दिवशीच एकटे येऊन मैदान बघून ठेवायचे, पावसाळा नसला तरी छत्री आणायचे, संघाचं लिंबूसुद्धा घरून कापून आणायचे. लीगमध्ये त्यावरून थट्टा चालायची.

“कॅप्टन लोक, इकडे या,” मास्तरांनी हाक मारली. “बूट दाखवा.”

हाही त्यांचा नेम. खिळ्यांच्या बुटांनी काथ्याची मॅट फाटते, म्हणून टॉसआधी अंपायर प्रत्येकाचे तळवे बघायचा. मॅटवर फक्त रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट.

“म्याट नाही तं बूट कायले पाहता?” मोतीरामशेठ हसले.

“सवय हाय. दाखवा.”

शेठनी पाय वर केला. खिळ्यांचे बूट! मुंबईहून आणलेले, खिळे गंजून झिजलेले. दर सामन्याला शेठ हेच घालून ऐट मारत यायचे आणि दर सामन्याला मास्तर त्यांना परत पाठवायचे. “थैलीत काय हाय?” मास्तरांनी विचारलं. शेठनी कुरकुरत थैली उघडली. आत कॅनव्हासचे बूट होते, रात्रीच सफेदा लावून वाळवलेले, हाताला पांढरं लागेल इतके ताजे.

“ठीक. उकंडराव?”

उकंडरावांनी पाय उचलला, क्षणभर थांबले आणि खाली ठेवला. क्षणभरच. पण कोणाचा पाय रेषेबाहेर पडला हे क्षणात टिपण्यात मास्तरांची अकरा वर्षं गेली होती. उकंडरावांचे बूट कॅनव्हासचेच होते. पण तळव्याच्या रबरात सहा-सहा खिळे ठोकले होते आणि ते नवे कोरे, चकचकीत होते.

“सगळ्याईनं मांडवात या,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. “पुंजाजीभाऊ, तुम्ही बी. म्याट कोठं हाय ते मले समजलं.”

५

मांडव भरला. मास्तर मधोमध उभे राहिले.

“गाडीवरून चार हमालाईनं म्याट उतरवली, त्याईले धापा लागल्या. खोलीत मात्र गठ्ठा दोघाईनं आरामात नेला. आपली म्याट दोघाईनं हलत नाही, हे लीगमधल्या लहान पोरालेबी ठाऊक हाय. म्हंजे खोलीत गेलं ते सोंग होतं. कुलूप, चाबी, निवृत्ती, कोनाचाच दोष नाही. चोरी खोलीतून झालीच नाही.”

निवृत्तीने इतका मोठा श्वास सोडला की दोघे-तिघे हसले.

“मंग अदलाबदल झाली कोठं? निंबाखाली, गाडी जेथं सुटली तेथं. येवढी जड म्याट दिवसाढवळ्या फाटकातून बाहेर गेली असती तं सोजराबाईनं पाहिली असती. म्हंजे म्याट निंबाखालीच हाय. आन निंबाखाली काय हाय? हा मांडव. मोतीरामशेठ, यंदा मांडवात धूळ काऊन नाही?”

शेठनी खाली बघितलं. मग सगळ्यांनीच खाली बघितलं.

“उचला जाजम!”

चार जणांनी खुर्च्या बाजूला केल्या, जाजम गुंडाळलं. खाली काथ्याची मॅट, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून अंथरलेली. सकाळपासून सगळे तिच्यावरच उभे राहून ती कुठे गेली असेल याची चर्चा करत होते. मैदानावर एकच गलका झाला. दयाराम तर गुडघे टेकून मॅटवरून हात फिरवायला लागला.

“मांडव तं शेठचा!” गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “शेठले म्याट नाही हे ठाऊक असतं तं त्याईनं राती बसून कॅनव्हासच्या बुटाले सफेदा लावला नसता. मुरुमावर त्या बुटाचा काय उपयोग? सफेदा लावनारा मानूस म्याटवर खेळाच्या तयारीनं आला होता. पन कोनीतरी मुरुमावर खेळाच्या तयारीनं आला. रबरी बूट मुरुमावर घसरते, म्हनून त्यानं तळव्याले खिळे ठोकून आनले. कवा? म्याट हरवल्याची बातमी आज सकाळची, त्यालेबी येथं आल्यावरच समजली. तवापासून तो येथून हललाच नाही.”

मास्तर थांबले. नाव ओठांवर होतं. पण काही बॅट्समन असे असतात की चेंडू बॅटीला लागला हे स्वतःला कळलं की अंपायरच्या बोटाची वाट न बघता चालू लागतात. मास्तरांनी त्या माणसाला तेवढा वेळ दिला.

उकंडराव खाली बसले. त्यांनी एक-एक करून दोन्ही बूट काढले आणि तळवे वर करून सगळ्यांपुढे ठेवले.

“मीच,” ते म्हणाले. “मांडवाच्या गड्याईले म्हटलं, शेठनं म्याट खाली टाकाले सांगितली, धूळ उडते. त्याईले काय ठाऊक! तुराट्याचा गठ्ठा मी शिवला, दाभन आनलंच होतं घरून, आन त्याईच्याच हातानं खोलीत धाडला. म्याट कापून टाकता आली असती, विहिरीत ढकलता आली असती. नाही झालं माह्याच्यानं. आन मुरुमावर खेळाचं तं घसरू नये, म्हनून राती खिळे ठोकले. पाहा, चोरी करतानाबी तयारी सुटली नाही माही!”

मास्तर त्यांच्यासमोर मॅटवर उकिडवे बसले.

“पन काऊन?” मास्तरांनी विचारलं.

“तीन हंगाम घासलं त्याले. गावात कोनी आमाले क्रिकेट खेळनारे म्हनत नव्हतं, याच्यामुळे म्हनाले लागले. रेल्वेनं नेला तं देऊळघाट संपलं, मास्तर. मले वाटलं, आजचा येक दिवस टळला तं टळला. पुंजाजीभाऊवर आळ येईन हे डोक्यातच नाही आलं. आज सकाळी आळ आला तं माहं तोंडच उघडेना.”

दयाराम मॅटवरून उठला. “कॅप्टन, मले इचारलं असतं तं? थांब म्हटलं असतं तं?”

“तं तू थांबला असता, लेका! जन्मभर ढेकळं फोडली असती आन येका शब्दानं बोलला नसता. म्हनून तं इचारता येत नव्हतं!”

६

मोतीरामशेठ तापले. “याले लीगमधून काढा. आत्ताच्या आत्ता. देऊळघाटनं कीपर बदलावा नाही तं सामना सोडावा!”

बरोबरच होतं त्यांचं. मास्तरांनीही मान हलवली. तेवढ्यात पुंजाजी पुढे आला. सकाळपासून ज्याला चोर म्हटलं गेलं तो माणूस बोलतोय म्हटल्यावर मागचे लोक पुढे सरकले.

“मले येक सांगा,” पुंजाजी म्हणाला. “माह्या भाच्याचा चेंडू म्याटवर वळला का तो मांगं पकडते कोन? या येका मानसाशिवाय कोनाले जमते? वडनेरले हे बिमार होते तवा दुसरा उभा केला होता, सोळा बाय गेले. साहेब पाहून राह्यले आन चेंडू मांगं निसटून राह्यले, तं पोराचं कसं व्हाचं?” मग तो उकंडरावांकडे वळला. “आळ माह्यावर आला होता, तं माफ कराचं का नाही हे बी म्याच ठरवतो. सजा उद्या भोगा. आज उभे राहा.”

शेठनी उकंडरावांच्या पुढ्यातल्या खिळ्यांकडे बघितलं. शेवटी म्हणाले, “उभा राहू द्या. पन खिळ्याच्या बुटानं नाही!”

आणि कॅनव्हासचे बूट कुठून आणायचे म्हणून गडबड उडाली, तेव्हा पायाचं माप जुळलं ते नेमकं शेठच्याच बुटांशी. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “घे बाबा. माह्या जाग्यावर बारावा मानूस खेळन,” पण लगेच घरी गडी पाठवून जुनी जोडी मागवली. खेळायचं सोडतात काय ते!

अकराला सामना सुरू झाला. साहेब हार गळ्यात घालूनच बसले, कारण पुंजाजी समोर उभा होता आणि हार काढायची त्यांना सोय नव्हती. मॅट खिळ्यांनी ताणून बसवलेली, वर पाण्याचा शिडकावा. दयारामच्या पहिल्या दोन षटकांत काहीच घडलं नाही. चेंडू टाकायच्या आधी पोराची नजर दरवेळी मांडवातल्या साहेबांकडे जात होती. मास्तरांना ते जवळून दिसत होतं आणि अंपायरला तोंड उघडायची मुभा नाही याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

उकंडराव यष्टींमागून चालत दयारामपर्यंत आले. मांडवातल्या त्या बोलण्यानंतर दोघांत शब्द नव्हता. “ढेकूळ फेकतो तसं फेक,” ते म्हणाले. “साहेब-बिहेब कोनी नाही येथं. मी हाव फक्त.”

पुढचा चेंडू काथ्याला चावला आणि असा वळला की मलकापूरच्या सलामीच्या फलंदाजाने मागे वळून बघितलं. त्यापुढचा बॅटीची कड घेऊन गेला आणि उकंडरावांच्या हातात बसला. “हाऊज दॅट!” असा काही आवाज आला उकंडरावांचा, की बैलगाड्यांचे बैल उठून उभे राहिले. मास्तरांचं बोट वर गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दयारामने सहा बळी घेतले, त्यांतले चार कीपरच्या हातात. मोतीरामशेठ मात्र या वेळी शून्यावर गेले नाहीत. त्यांनी एक धाव काढली आणि टाळ्या घेतल्या.

देऊळघाट चार गड्यांनी जिंकलं. जिंकलेल्या ढालीभोवती गर्दी उसळलेली असताना साहेब मांडवातून उठून आले.

“पोरगा चांगला आहे. येत्या सोमवारी भुसावळला पाठवा, कागदपत्रं करून घेऊ. फक्त एक अडचण आहे. त्याच्या क्लबच्या कॅप्टनचं ना-हरकत पत्र लागेल. कॅप्टन कोण?”

उकंडरावांनी हातमोजे काढले. बोटं सुजून टम्म झाली होती. त्यांनी मास्तरांकडे पेन मागितलं, दयारामला पाठ पुढे करायला लावली आणि त्याच्याच पाठीवर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. चार ओळींना बराच वेळ लागला. दयारामची पाठ हलायला लागली, तेव्हा ते ओरडले, “रडू नको बे, अक्षर वाकडं येऊन राह्यलं.”

त्यांचे स्वतःचे डोळे गळत होतेच.

सही झाल्यावर त्यांनी कागद फुंकून वाळवला, दोनदा वाचला आणि साहेबांना दिला.

“सोमवारी कायले साहेब,” ते म्हणाले. “आजच्या सांजच्या गाडीनं न्या. आज माही हिंमत हाय.”